आवाजाला आवाज मानता येत नाही

“यंत्र अडखळलं, तर वरची ओळ वाचून घाबरू नकोस. वरची ओळ नुसती बोंब मारते. खाली जा. शेवटचं ‘कारण’ सापडेपर्यंत खाली जा, आणि तिथं ठाण मांडून बस.”

मास्तरांचं हे सांगणं मुंगीच्या कानात इतकं मुरलं होतं, की जिना उतरतानासुद्धा ती कधी कधी पुटपुटायची, खाली जा, खाली जा. मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे, तिच्या कचेरीतले सगळ्यांत जुने गृहस्थ. पण समजावून सांगायची खोड अशी, की पाण्याचे कॅन आणणारासुद्धा त्यांच्या टेबलापाशी दोन घटका रेंगाळून काहीतरी शिकून जायचा. म्हणून मास्तर. आणि ती मुंगी, कारण एखाद्या चुकीच्या मागे लागली की कण कण वाहत राहायची, वाट सोडायची नाही. हे नावही त्यांनीच ठेवलेलं. मास्तर गेले त्याला आता वर्ष होत आलं होतं.

गेले, पण आवाज राहिला. त्याचं असं, की त्यांची कचेरी बोलणारी यंत्रं तयार करत असे. दुखण्यानं किंवा शस्त्रक्रियेनं ज्यांचा आवाज जाणार असतो अशी माणसं आधीच येऊन एका गादी लावलेल्या छोट्या खोलीत बसत आणि पानंच्या पानं वाचत. त्या वाचण्यातून त्यांचा आवाज उचलून ठेवला जाई. पुढे खरा आवाज गेला, की माणसानं हातातल्या यंत्रावर अक्षरं उमटवायची आणि यंत्रानं ती त्याच्याच आवाजात म्हणायची. यंत्र सगळ्यांचं सारखं, आवाज ज्याचा त्याचा, वरून बसवायचा. त्या बसवायच्या भागाला ही मंडळी प्लगइन म्हणत.

यंत्र नीट चालतंय का हे बघायला कुणाचा तरी आवाज लागायचाच. अगदी सुरुवातीला मास्तरांनी स्वतःचा दिला होता. तेव्हापासून कुणी काही बदल केला, की यंत्रात ‘चाचणी चालू आहे’ असं लिहायचं आणि मास्तरांचा आवाज आला की हुश्श करायचं. ते वारल्यावर पहिले काही दिवस तो आवाज आला की सगळ्यांच्या माना खाली जायच्या. मग सवय झाली. “मास्तर बोलले का?” “बोलले.” म्हणजे काम झालं, डबा उघडायला मोकळे.

त्या सकाळी फोन वाजला तो मुंगीच्याच टेबलावर.

“कोण बोलतंय? यंत्रवाले ना?” पलीकडे म्हातारी, पण खणखणीत बाई होती. “मला एवढंच सांगा, माझ्या घरात तुम्ही कुणाला आणून बसवलंय?”

मुंगीला आधी वाटलं, चुकीचा नंबर लागला. मग कळलं, ही शिंपीकाकांची बायको. शिंपीकाकांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांचा आवाज मुंगीनंच बसवून दिला होता. काकूंची दृष्टी हळूहळू मंद होत आता पार गेली होती, हेही तिला आठवलं.

“यंत्रांवर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवल्यापासून झालं असेल,” कचेरीच्या मोठ्या बाई म्हणाल्या. “पण आपल्याकडे तर सगळं पास आहे गं. मी स्वतः ऐकलंय.”

“मीपण ऐकलंय,” मुंगी म्हणाली आणि लॅपटॉप पिशवीत घालून निघाली.

शिंपीकाकांचं दुकान आणि घर एकच होतं. पुढच्या खोलीत कापड बेतायचं लांब टेबल, खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीशी दांडीला टांगलेले कोट, सदरे, एक अर्धवट झगा. प्रत्येकाच्या बाहीला कागदाचा चिटोरा टाचलेला. ओलसर कापडावर इस्त्री फिरली की येतो तो वास भरून राहिलेला. काकू आतल्या दाराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसून एका कोटाचे कच्चे टाके चाचपून उसवत होत्या. काका टेबलापाशी उभे होते, गळ्याभोवती मऊ रुमाल. त्यांनी मुंगीला बघितलं, खडू उचलला आणि टेबलाच्या फळीवर लिहिलं, ‘बसा’.

“काका, यंत्रावर बोला ना. ऐकू दे मला.”

काकांनी मान हलवली. यंत्र कपाटावर पालथं ठेवलेलं होतं.

“नाही बोलायचे ते,” काकू म्हणाल्या. “त्या दिवसापासून हात लावला नाही त्याला. मी आत होते. बाहेरून आवाज आला, ‘अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?’ आता तूच सांग, परका पुरुष माझ्या घरात शिरतो आणि माझ्या नवऱ्याचा चष्मा मागतो! मी हाताला लागली ती इस्त्री उचलली आणि उभी राहिले. गरम होती म्हणून बरं, गार इस्त्रीचा धाक कुणाला? तर तो म्हणतो, ‘अगं, मीच आहे.’ सगळेच तसं म्हणतात!”

काकांचे खांदे हलले. ते हसत होते, पण हसण्याला आवाज नव्हता, त्यामुळे काकूंना ते कळलं नाही.

“हसताहेत,” मुंगी म्हणाली.

“हसताहेत का?” काकूंनी हातातलं काम थांबवलं. “बघ, हेसुद्धा मला दुसऱ्यानं सांगावं लागतं. आधी दृष्टी गेली तेव्हा मी म्हटलं, देवानं कान ठेवलेत ना, पुष्कळ झालं. हे दिवसभर वटवट करायचे आणि त्या वटवटीवरून मला घर दिसायचं. हे खिडकीशी आहेत, हे टेबलाशी आहेत. आता विचारते, ‘अहो, आहात का?’ की कात्री वाजवतात. दोनदा.”

टेबलावर कात्री वाजली. कट, कट.

“ही अशी,” काकू म्हणाल्या. आणि मग, जरा खालच्या आवाजात, “पण कात्री काय गं, कुणीही वाजवील.”

मुंगीनं कपाटावरचं यंत्र उचललं, सुलटं केलं आणि सवयीनं लिहिलं, चाचणी चालू आहे.

कचेरीत हा आवाज ऐकून ती कितीदा नुसती पुढच्या कामाला लागली होती. पण इथं, त्या टांगलेल्या रिकाम्या कोटांच्या मधून तो आला आणि तिनं चटकन मान वर करून बघितलं. आधी एक अर्धा श्वास, आणि मग मास्तर म्हणाले, “चाचणी चालू आहे.”

“हाच,” काकू म्हणाल्या. त्यांचे हात कोटात रुतले होते. “बोलायच्या आधी थांबतो, ऐकलंस? परक्याच्या घरी शिरताना माणूस दारात थबकतो ना, तसा. वाईट नाही बिचारा. पण आमचा नाही.”

 तो थांबा कशाचा होता ते मुंगीला ठाऊक होतं. आवाज भरून द्यायला बसले तेव्हाच मास्तरांना धाप लागायला लागली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

तिनं यंत्राला लॅपटॉप जोडला. यंत्र आपण काय काय केलं, कशाला अडखळलो, हे सगळं ओळीखाली ओळ लिहून ठेवतं. त्याला लॉग म्हणतात. लॉगमध्ये बोंब नव्हती. सगळं बिनबोभाट चाललं होतं, आणि तेच भीतीदायक होतं. यंत्राच्या मते हा शिंपीकाकांचाच आवाज होता.

काका तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी फळीवर लिहिलं, ‘माझा गेला का? पुसला?’

एवढं लिहून त्यांनी खडू खाली ठेवला नाही. बोटांत धरूनच राहिले. शस्त्रक्रियेच्या आधी ते ज्या गळ्यानं वाचायला आले होते, तो गळा आता परत मिळणार नव्हता. पुसला असेल तर दुसरा नाही.

“बघते,” मुंगी म्हणाली. तिचा नेम होता, जे दिसलं नाही ते आहे असं सांगायचं नाही, धीर द्यायलासुद्धा नाही. ती शोधत गेली आणि खालच्या एका कप्प्यात ती फाइल दिसली, जशीच्या तशी, न उघडलेली. “आहे! काका, तुमचा आवाज आहे. जागच्या जागी आहे. त्याला कुणी विचारलंच नाही.”

“म्हणजे?” काकू म्हणाल्या.

मुंगीला समजावून सांगताना आपल्याच तोंडून मास्तर बोलताहेत असं वाटायला लागलं. “काकू, यंत्रात एक हमाल असतो, लोडर म्हणतात त्याला. त्याला नुसतं नाव सांगायचं, की तो त्या नावाची वस्तू शोधून आणतो. नव्या आवृत्तीत आम्ही माडी चढवली. वरच्या मजल्यावर सगळ्यांना लागणाऱ्या वस्तू, खालच्या मजल्यावर ज्याचा त्याचा आवाज. दोन्ही मजल्यांवर एकेक हमाल. खालच्याला शिस्त अशी, की काहीही मागितलं की आधी वरच्याला विचारायचं. वर असेल तर तेच घ्यायचं. नसेल तरच आपल्याकडे बघायचं.”

“चांगली शिस्त आहे.”

“चांगलीच आहे. पण वर एक नमुन्याचा आवाज ठेवलाय, आणि त्याचं नाव आहे ‘आवाज’. आणि काकांच्या आवाजाचं नावपण ‘आवाज’च.”

“दोघांचं एकच नाव कुणी ठेवलं?”

मुंगी ओशाळली. “नमुना उचलायचा, आतलं भरलेलं बदलायचं, नाव तसंच सोडून द्यायचं. आमच्यात सगळे असंच करतात. चालतंय ना, मग नावाला कशाला हात लावा.”

काकांनी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कटिंग तेच, गिऱ्हाईक वेगळं’. मुंगीनं ते वाचून दाखवलं तशा काकू म्हणाल्या, “आणि घातला दुसऱ्याचाच कोट. कचेरीत कसं कळलं नाही तुम्हाला?”

“कचेरीत आम्ही नमुनाच लावून बघतो. तिथं तो आवाज आला म्हणजे सगळं ठीक.”

हे म्हणताना तिला ते पहिल्यांदाच खरं ऐकू आलं. मेलेल्या माणसाचा आवाज आला की सगळं ठीक.

तिनं सरळ उपाय आधी केला. वरचा नमुना उचलून बाजूला ठेवला आणि यंत्र बंद करून चालू केलं. दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, विझला. लॉगमध्ये आता ओळींचा पूर आला. ती खाली गेली, शेवटच्या कारणापाशी. ‘आवाज’ या नावाचं काही सापडत नाही.

“आहे की खाली,” ती स्वतःशी म्हणाली. आणि मग तिला उमजलं. यंत्र स्वतः राहतं वरच्या मजल्यावर. खालचा वरच्याला विचारू शकतो, पण वरच्याला खालचं काही दिसत नाही. आणि ‘आवाज’ म्हणजे काय हे ओळखण्यापुरता का होईना, तो नमुना यंत्राला वर लागतच होता.

“वरच्यांना खालचं दिसत नाही?” काकूंनी विचारलं. “मग सासरेबुवाच म्हण की.”

काकांनी कात्री एकदाच वाजवली, रागानं.

“बरं बरं, वडील तुमचे.” काकू हसल्या. पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. “थांब. तो परका, तो पण गेला का आता?”

“सध्या यंत्र मुकं आहे.”

काकू कान देऊन बसल्या. शिवणयंत्र थांबलेलं. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. “अहो?” त्या म्हणाल्या. कट, कट. “अहो, तुम्हीच ना?” कट, कट. उत्तर येत होतं आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता, हे मुंगीला त्यांच्या मानेच्या वळण्यावरून दिसत होतं. काकांनी कात्री ठेवली, चार पावलं टाकून गेले आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. काकू दचकल्या. इतक्या वर्षांच्या नवऱ्याच्या हाताला दचकल्या, आणि दचकल्याचं लपवायला म्हणून म्हणाल्या, “हात गार आहेत तुमचे.”

काका परत टेबलाशी आले. त्यांनी मुंगीकडे बघितलं नाही.

मुंगीनं नमुना पुन्हा वर ठेवला आणि आता दुसरी वाट धरली. प्लगइन कुठून आणि कसा उचलायचा हे सांगणारी एक छोटी फाइल असते, कॉन्फिगरेशनची. तीत एक ओळ उलटी करता येत होती. आधी वर विचारण्याऐवजी आधी आपल्याकडे बघायचं, नसेल तर वर जायचं. तिनं ओळ बदलली. यंत्र चालू झालं, दिवा स्थिर राहिला. काका पुढे आले. तिनं त्यांच्या हातात यंत्र दिलं. त्यांनी बऱ्याच दिवसांनी त्यावर बोटं ठेवली आणि लिहिलं, ‘अगं’.

काहीच आलं नाही. तो अर्धा श्वाससुद्धा नाही.

पुन्हा पूर. पुन्हा ती खाली गेली. शेवटचं कारण तिनं एकदा मनात वाचलं, आणि मग नकळत मोठ्यानं.

“‘आवाज’ला ‘आवाज’ मानता येत नाही.”

काकूंचे हात थांबले. “हे यंत्र म्हणतंय?”

“हो. चुकीची नोंद आहे. म्हणजे असं की, दोन्हींचं नाव एक, अक्षर अन् अक्षर एक. पण हा वरच्या हमालानं आणलेला आणि तो खालच्यानं. दोन निराळ्या हातांनी आणलेल्या वस्तू यंत्राच्या लेखी निराळ्याच. नावावर जात नाही ते. हा आवाज तो आवाज नव्हे, म्हणतं.”

“शहाणं आहे यंत्र,” काकू सावकाश म्हणाल्या. “माझं तेच झालं बघ. शब्द यांचेच. चष्मा यांचाच. ‘अगं’ म्हणणं यांचंच. पण आणणारा निराळा. मी म्हटलं, मला वेड लागलं असेल, स्वतःचा नवरा ओळखू येईना. यंत्रालाही येत नाही म्हणजे वेड नाही.”

काकांनी डोळ्यांना रुमाल लावला. मग फळीवर लिहिलं, ‘आता?’

आता एकच वाट उरली होती. मुंगीला ती मघापासून दिसत होती, पण ती टाळायला म्हणून मुंगी बाकीच्या वाटा आधी चालून आली होती. वर कुणाचाच आवाज असता कामा नये. वर असावा नुसता साचा, बोलणारा कसा असला पाहिजे एवढं सांगणारा, आतून रिकामा. आणि आवाज खाली, प्रत्येकाच्या स्वतःच्या नावानं. म्हणजे मास्तरांनी केलेल्या त्या वस्तूतून मास्तरांचा आवाज काढून घ्यायचा आणि साचा तेवढा ठेवायचा.

काम अवघड नव्हतं. तिनं साचा वेगळा केला, त्याला ‘बोलणारा’ नाव दिलं. काकांच्या आवाजाचं नाव ‘आवाज’ होतं ते बदलून ‘शिंपी’ केलं. यंत्रात ‘आवाज’ असं जिथं जिथं लिहिलं होतं तिथं तिथं ‘बोलणारा’ लिहिलं. सगळं जमलं. आता यंत्रातला नमुना पुसायचा, एवढंच. बोट त्या कळीवर आलं आणि तिथंच राहिलं.

खोलीत बराच वेळ कळ वाजली नाही, तेव्हा काकू म्हणाल्या, “तुझ्या ओळखीचा आहे ना तो?”

मुंगीनं मान हलवली. मग लक्षात आलं, मान हलवून उपयोग नाही. “हो. त्यांनीच शिकवलं मला.”

“आहेत अजून?”

“नाही.”

काकांनी हातातला खडू हळूच टेबलावर ठेवला, आवाज न करता.

“इथला पुसला तरी कचेरीत आहे त्यांचा आवाज,” मुंगी म्हणाली. तिला उगीच भराभर बोलावंसं वाटत होतं. “पण आता तिथलाही नमुना काढावा लागेल. सगळ्याच घरच्या यंत्रांतला. हीच चूक सगळीकडे झाली असणार. मग कुणी लावणार नाही तो.” ती थांबली. “काकू, एकदा त्यांच्याकडून हाक मारून घेऊ? ते मला मुंगे म्हणायचे. पुसायच्या आधी एकदाच.”

 काकूंनी उसवलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला.

“तू लिहिणार, मग तो म्हणणार. तर हाक कुणाची झाली ती?”

मुंगीनं कळीवरचं बोट मागे घेतलं.

“रागावू नकोस. इतके दिवस तो आवाज माझ्या कानात बसलाय ना, कीव येते त्याची. याच्या तोंडी कुणी चष्मा घालतं, कुणी चाचणी घालतं. स्वतःचं एकही वाक्य नाही बिचाऱ्याला. घरी कोण आहे त्याच्या?”

“आई आहे.”

“तिला ठाऊक आहे? मुलाचा आवाज असा लोकांच्या घरी बोलत फिरतोय ते?”

मास्तरांच्या आईला ती दिवसकार्याला भेटली होती, त्यानंतर नाही. यंत्रातल्या आवाजाबद्दल तिला कुणी काही सांगितलं असेल असं मुंगीला वाटेना. सगळ्यांना वाटलं असेल, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. “नसेल ठाऊक,” ती म्हणाली.

“मग इथला पूस, आमचं घर आम्हाला मोकळं करून दे. पण त्याचा म्हणून जो आहे तो त्या आईकडे ने. ठेवायचा की मोडायचा, ते ती सांगेल. तिला विचारल्याशिवाय कुणी पुसायचा नाही आणि कुणी बोलवायचाही नाही. तूसुद्धा नाही. शब्द दे.”

“दिला.”

“आज जाशील?”

“आज जाते, काकू.”

मुंगीनं नमुन्याची एक प्रत छोट्या मेमरी चिपवर उतरवून घेतली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि कळ दाबली.

यंत्र बंद झालं, चालू झालं. दिवा लागला आणि राहिला. तिनं ‘अगं’ लिहिलं. शांतता.

 इथला मास्तरांचा आवाज गेला होता आणि काकांचा आला नव्हता. खोलीत आता कुणाचाच आवाज नव्हता. ती खाली गेली, ओळीमागून ओळ, आणि कारणापाशी बसली. ‘शिंपी’ या नावाचं काही सापडत नाही. कसं सापडत नाही? फाइल आहे. नाव तेच आहे. तिनं कॉन्फिगरेशनमधलं अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. शि, पी, वरचं टिंब, सगळं जागच्या जागी. यंत्र म्हणत होतं, या नावाचं कुणी नाही.

“काय झालं?” काकू.

“नाव बरोबर आहे, तरी सापडत नाही.”

“आमचंही तसंच होतं,” काकू म्हणाल्या, “पण तू बघ, बघ.”

मुंगीनं पडद्यावरची उभी रेघ नावाच्या शेवटाला नेली आणि एक घर मागे घेतली. रेघ हलली, पण कुठल्याच अक्षरावरून गेली नाही. नावाच्या नंतर एक कोरी जागा होती. बदलताना तिच्याच अंगठ्यानं पडलेली. डोळ्याला काही दिसत नव्हतं. यंत्र मात्र त्या कोऱ्या जागेसकट नाव वाचत होतं, आणि त्या कोऱ्या जागेसकट कुणाचंच नाव नव्हतं.

तिनं ती जागा पुसली. यंत्र बंद केलं, चालू केलं आणि काकांच्या हातात दिलं.

काकांनी लगेच काही लिहिलं नाही. त्यांनी रुमाल सारखा केला, जणू गळाच साफ करताहेत. मग एकेक अक्षर दाबत गेले. आणि त्या खोलीत थोडा खरखरीत, नाकात बोलणारा, मिस्कील आवाज उमटला, “इतके दिवस घर कसं छान शांत होतं, नाही?”

काकूंच्या मांडीवरचा कोट घसरून खाली पडला.

“मेलं!” त्या म्हणाल्या. “पहिलं वाक्य काय, तर हे!”  काका यंत्र घेऊन त्यांच्यापाशी गेले, आणि या खेपेला हात ठेवायच्या आधी त्यांनी लिहिलं, “मी येतोय. हात गारच आहेत.” काकूंनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. त्या दचकल्या नाहीत.

मुंगीनं दोघांकडे पाठ केली आणि उगीचच केबल गुंडाळत राहिली. बाहेर जाऊन तिनं मोठ्या बाईंना फोन लावला. काय झालं, का झालं, सगळं सांगितलं.

“अरे देवा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “म्हणजे बाकीच्या घरांतही?”

“जिथं जिथं चढवली तिथं. दुरुस्ती पाठवली आहे तुम्हाला, आत्ताच सगळ्यांना लावा. आणि नावानंतर कोरी जागा राहू देऊ नका.”

“आणि मास्तरांचा आवाज?”

“त्याची एकच प्रत ठेवा, कुलपात. ती कुणी उघडू नका, पुसूही नका. एक प्रत माझ्याबरोबर आहे, ती मी त्यांच्या आईकडे घेऊन चाललेय. तिला विचारते.”

 “कुणीच सांगितलं नाही का गं त्यांना?” मोठ्या बाईंनी विचारलं.  “जा तू,” त्या म्हणाल्या. “इकडचं मी बघते.”

ती आत आली तेव्हा काकांनी तिच्या हातातली ती नखाएवढी मेमरी चिप बघितली. त्यांनी चिंध्यांच्या पेटीतून करड्या कापडाचा एक तुकडा काढला, शिवणयंत्रावर घातला, चार सरळ शिवणी मारल्या आणि छोटीशी पिशवी तिच्यापुढे धरली. “अस्तर लावलंय,” काकांचा आवाज म्हणाला. “घासणार नाही.”

“काय बोलशील तिथं?” काकूंनी विचारलं.

“माहीत नाही. आधी बसेन त्यांच्याजवळ.”

“बसच. लगेच काढू नकोस पिशवीतून.”

मुंगीनं पिशवी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली, काकूंच्या पायांना हात लावला. बाहेर ऊन उतरत होतं. कचेरीकडे जाणारी बस थांब्यावर उभीच होती. चालकानं तिला बघून दार जरा वेळ उघडं धरलं. तिनं हातानं नको म्हटलं, पदर सारखा केला आणि उलट्या दिशेनं, मास्तरांच्या घराकडच्या चढाच्या रस्त्यानं चालू लागली.